राखणदार हा मालक नव्हे

मराठीतील 'सांभाळणे' या क्रियापदाच्या पोटात अनेक कामे सामावलेली आहेत. आपण लेकरे सांभाळतो, वृद्ध आईवडिलांना सांभाळतो, शेजाऱ्याची ठेव सांभाळतो, मशिदीचा हिशेब सांभाळतो आणि दिलेला शब्दही सांभाळतो. मराठीने या सर्वांसाठी एकच शब्द वापरला. इस्लामी फिकहने मात्र प्रत्येक कामाला स्वतंत्र नाव दिले. दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार ज्याला शरीअतने दिला तो वली. आपल्या पश्चात मुलांचा व मालमत्तेचा कारभार मृताने ज्याच्यावर सोपविला तो वसी. काझीने नेमून दिलेला तो कय्यिम. वक्फचा कारभार पाहणारा तो मुतवल्ली. ज्याच्याकडे विश्वासाने ठेव ठेवली तो अमीन. कुरआन उरात जतन करणारा तो हाफिज.

या सर्वांना कवेत घेणारा एक शब्द हदीसमध्ये आला आहे. तो म्हणजे 'राई', अर्थात मेंढपाळ. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी निवेदन केलेल्या आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेल्या या हदीसचा आशय असा की, तुमच्यापैकी प्रत्येकजण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी जाब विचारला जाईल. शासक प्रजेविषयी, पुरुष कुटुंबाविषयी, स्त्री घर व मुलांविषयी आणि सेवक धन्याच्या मालाविषयी उत्तरदायी आहे. नावे निरनिराळी आहेत, अधिकारही निरनिराळे आहेत. परंतु या सर्वांत एक गोष्ट समान आहे. हाती असलेली वस्तू आपली नाही. ती ज्याची आहे त्याच्याकडे एक दिवस परत जायची आहे. राखणदारीचा सारा धर्म या एका जाणिवेत आहे आणि ही जाणीव मावळली की कुंपणच शेत खाऊ लागते.

सूरह निसामधील कसोटी

राखणदाराची कर्तव्ये सर्वांत स्पष्टपणे सांगणाऱ्या आयती सूरह निसाच्या प्रारंभी आहेत. पाचव्या आयतीचा आशय असा की, जी संपत्ती अल्लाहने तुमच्या जीवनाचा आधार बनविली आहे, ती अजाण व्यक्तींच्या हाती सोपवू नका; त्यांना तीत खाऊ घाला, वस्त्रे द्या आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोला. येथे तफ्सीरकारांनी एक सूक्ष्म मुद्दा टिपला आहे. कुरआनने 'तीतून खाऊ घाला' असे न म्हणता 'तीत खाऊ घाला' अशी शब्दयोजना केली. मूळ भांडवल खर्चून संपवू नये, ते उद्योगास लावावे आणि त्यांचा निर्वाह नफ्यातून करावा, असा बोध इमाम जमख्शरी आदींनी त्यातून घेतला. म्हणजे ठेव कुलपात बंद करून निश्चिंत होणे ही पुरती राखण नव्हे. हजरत उमर (रजि.) यांनीही अनाथांचे धन व्यापारात घालण्याचा सल्ला दिला होता, नाही तर जकात ते खाऊन टाकील, असे त्यांचे सांगणे 'मुवत्ता'त नोंदलेले आहे. (अल्पवयीनाच्या धनावर जकात आहे असे शाफई मत, तर नाही असे हनफी मत आहे; तथापि धन वाढते ठेवावे याविषयी दुमत नाही.)

सहावी आयत राखणदारापुढे पाच गोष्टी ठेवते. एक, अनाथांची वयात येईपर्यंत परीक्षा घेत राहा. दोन, त्यांच्यात समंजसपणा दिसताच त्यांचे धन त्यांच्या स्वाधीन करा. तीन, ते मोठे होऊन मागतील या भीतीने घाईघाईने व उधळपट्टीने ते खाऊन टाकू नका. चार, राखणदार सधन असेल तर त्याने काहीही घेऊ नये आणि गरीब असेल तर रीतीप्रमाणे बेताने घ्यावे. पाच, धन परत करताना साक्षीदार ठेवा. आणि शेवटी स्मरण करून दिले आहे की, हिशेब घेण्यास अल्लाह पुरेसा आहे.

तिसऱ्या गोष्टीवर वाचकांनी क्षणभर थांबावे. कुरआन येथे उघड चोरी करणाऱ्याविषयी बोलत नाही, तर मूल मोठे होत चालल्याचे पाहून अस्वस्थ होणाऱ्या प्रतिष्ठित राखणदाराविषयी बोलत आहे. वास्तविक मुलाचे मोठे होणे हेच त्याच्या कामाचे यश. पण त्याला ते नुकसान वाटू लागते. ज्या दिवशी असे वाटू लागले त्याच दिवशी तो मनाने मालक झाला, मग वहीत एक पैशाचीही गडबड नसो.

अनाथाचा वली

अनाथाचे धन अन्यायाने खाणारे आपल्या पोटात आग भरत आहेत, असा इशारा सूरह निसाच्या दहाव्या आयतीत आहे. असे इशारे ऐकून सहाबा इतके धास्तावले की, घरातील अनाथांचे अन्नपाणी त्यांनी वेगळे केले. मुलाचे जेवण उरले तर ते तसेच ठेवले जाई आणि नासून जाई. ही अडचण पैगंबर (स.) यांच्या कानी गेली, तेव्हा सूरह बकराची 220वी आयत अवतरली, असे हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी सांगितले आहे. तिचा आशय असा की, त्यांच्या भल्याचे जे असेल ते उत्तम. एकत्र राहिलात तर ते तुमचे भाऊच आहेत. आणि बिघडविणारा कोण व सुधारणारा कोण हे अल्लाह जाणतो. म्हणजे अतिरेकी सावधपणाने मुलाला परके करणे हेही राखणीत बसत नाही. चूल एक असावी, हिशेब मात्र स्वच्छ असावा.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वडील वारल्यावर काका किंवा थोरला भाऊ आपोआप मुलांच्या मालमत्तेचा कारभारी होतो, अशी आपल्या समाजात सर्वसाधारण समजूत आहे. फिकह तसे म्हणत नाही. हनफी मतानुसार हा अधिकार क्रमाने वडील, वडिलांनी नेमलेला वसी, आजोबा (वडिलांचे वडील) आणि त्यांचा वसी यांचा आहे. त्यानंतर तो काझीकडे जातो. शाफई मतात, ज्याचे अनुयायी आपल्या कोकणात मोठ्या संख्येने आहेत, आजोबांचे स्थान वसीच्या आधी येते. काका अथवा भाऊ या क्रमात नात्याच्या बळावर येत नाहीत. भारतात काझीच्या जागी आज न्यायालय आहे आणि 1890च्या पालक व पाल्य कायद्यान्वये ते अज्ञानाच्या मालमत्तेसाठी पालक नेमते. अशी नेमणूक नसताना अज्ञान पुतण्याची जमीन विकणाऱ्या काकाने, हेतू कितीही चांगला असो, आपल्या अधिकारात नसलेली गोष्ट केलेली असते. म्हणूनच ज्या वडिलांना लहान मुले आहेत त्यांनी हयातीतच, विचारपूर्वक, लेखी वसी नेमून ठेवावा. आईचीही वसी म्हणून नेमणूक करता येते आणि कित्येक घरांत तिच्याहून अधिक हितचिंतक कोणी नसते.

अनाथाच्या राखणीचे एक विलक्षण चित्र सूरह कहफमध्ये आहे. हजरत मूसा (अ.) आणि हजरत खिज्र (अ.) एका गावात येतात. गावकरी त्यांना साधे जेवूही घालत नाहीत. तेथे एक भिंत कोसळण्याच्या बेतात असते. खिज्र (अ.) ती सरळ उभी करतात आणि मजुरी घेत नाहीत. पुढे उलगडा होतो की, ती भिंत त्या नगरातील दोन अनाथ मुलांची आहे, तिच्याखाली त्यांचा ठेवा आहे, त्यांचे वडील सज्जन होते आणि मुले वयात येऊन स्वतः तो ठेवा काढतील अशी पालनकर्त्याची इच्छा होती. खिज्र (अ.) यांनी काय केले नाही तेही पाहावे. ठेवा उकरून आपल्या ताब्यात घेतला नाही, गावाला बोलावून दाखविला नाही, भिंतीवर इमला चढविला नाही. जे पडत होते ते उभे केले आणि ते निघून गेले. मुलांना कदाचित कळलेही नसेल. खरा राखणदार असा असतो. त्याच्या कामाची खूण म्हणजे सुरक्षित राहिलेली वस्तू, त्याचे नाव नव्हे.

सज्ञान माणसाचा सांभाळ

मुलाचा सांभाळ वयाने संपतो. परंतु सज्ञान माणूसच कारभार करण्यास असमर्थ असेल तर? जो भ्रमिष्ट आहे त्याच्यावर वली असावा याबाबत फुकहांत मतभेद नाही. मतभेद आहे तो शुद्धीवर असूनही पैसा उधळणाऱ्या 'सफीह'विषयी. इमाम शाफई (रह.) आणि इमाम अबू हनीफा (रह.) यांचे दोन थोर शिष्य, इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.), यांच्या मते त्याच्या व्यवहारांवर निर्बंध घालता येतात. खुद्द इमाम अबू हनीफा (रह.) यांनी मात्र ते नाकारले. वयात येताना समंजसपणा नसेल तर वयाच्या 25 वर्षांपर्यंत धन हाती देऊ नये, पण सज्ञान, बुद्धी शाबूत असलेल्या माणसाचा स्वतःविषयी निर्णय घेण्याचा अधिकार काढून घेऊ नये, असे त्यांचे मत आहे. 'हिदाया'त त्यामागील युक्तिवाद दिला आहे. त्याचा सारांश असा की, हा अधिकार काढून घेणे म्हणजे माणसाचे माणूसपण काढून घेणे होय आणि ती हानी पैसा वाया जाण्याहून मोठी आहे.

फतवा कोणत्या मतावर आहे हा प्रश्न येथे बाजूला ठेवू. इमामसाहेबांनी दाखविलेला धोका मात्र प्रत्येक घराने लक्षात घ्यावा. वडिलांना विस्मरण होऊ लागते, आईचे हात थरथरतात आणि पाहता पाहता बँकेचे पासबुक, घराच्या किल्ल्या, भाडेकरूशी बोलणे हे सारे मुलांकडे जाते. काही अंशी ते आवश्यकच असते. पण विसरभोळेपणा म्हणजे वेडेपणा नव्हे. जे वडील औषधाची वेळ विसरतात त्यांना आपल्या सदक्याचे पैसे कोणाला द्यायचे हे उत्तम कळत असू शकते. जेवढी असमर्थता तेवढाच आधार द्यावा. त्यापलीकडे प्रत्येक गोष्ट त्यांना विचारून करावी. पाचव्या आयतीच्या शेवटी असलेली भल्या शब्दांत बोलण्याची आज्ञा येथे आठवावी. अन्न व वस्त्रासोबत कुरआनने सन्मानही राखणदाराच्या जबाबदारीत घातला आहे.

मुतवल्ली आणि मुसहफ

हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये उत्तम जमीन मिळाली. पैगंबर (स.) यांच्या सल्ल्याने त्यांनी ती वक्फ केली. ती विकली जाणार नाही, कोणाला भेट दिली जाणार नाही, वारशात जाणार नाही. उत्पन्न गरिबांना, नातलगांना, गुलाममुक्तीला, अल्लाहच्या मार्गात, वाटसरूंना व पाहुण्यांना मिळेल. कारभाऱ्याने रीतीप्रमाणे खाल्ले तर दोष नाही, मात्र त्यातून संपत्ती जमवू नये. सूरह निसामधील अनाथाच्या राखणदाराचीच अट येथे मुतवल्लीला लागू झाली आहे. पुढे फुकहांनी दोन नियम पक्के केले. वक्फच्या उत्पन्नातून पहिला खर्च त्या वास्तूच्या दुरुस्तीवर व्हावा, वाकिफने तसे लिहिलेले नसले तरी. आणि मुतवल्ली अविश्वासू ठरला तर त्याला दूर करावे, तो स्वतः वाकिफ असला तरी. ज्याने आपल्या खिशातून वक्फ केले त्यालाही एकदा राखणदार झाल्यावर मालकाचे हक्क उरत नाहीत!

या वक्फच्या दस्ताची जी नोंद 'सुनन अबू दाऊद'मध्ये आहे, तीत हजरत उमर (रजि.) यांनी आपल्यानंतर कारभार कन्या उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे दिला आहे. या माउलीच्या हाती आणखी एक अमानत होती. यमामाच्या युद्धात अनेक हाफिज शहीद झाल्यावर हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्याकडून कुरआन एकत्र लिहून घेतले. डोंगर हलविणे त्यापेक्षा सोपे गेले असते, असे जैद (रजि.) यांना त्या वेळी वाटले. ती पाने अबू बक्र (रजि.) यांच्याकडून उमर (रजि.) यांच्याकडे आणि पुढे हफ्सा (रजि.) यांच्याकडे आली. हजरत उस्मान (रजि.) यांना प्रमाण प्रती तयार करावयाच्या होत्या, तेव्हा खलिफा असूनही त्यांनी ती पाने मागून घेतली आणि प्रती तयार होताच परत केली. दुसऱ्याच्या ताब्यातील अमानत कशी हाताळावी याचा धडा याहून उंच स्थानावरून कोणी दिला असता?

या ग्रंथाच्या जतनात पुढील पिढ्यांनीही हाच संयम पाळला. अरबीतर लोकांचे उच्चार चुकू लागले तेव्हा स्वरचिन्हांची गरज भासली. या कामाचे श्रेय अबुल अस्वद दुअली (रह.) यांना दिले जाते. प्रारंभीच्या अशा प्रतींमध्ये स्वर दाखविणारे ठिपके लाल शाईने दिलेले आढळतात, जेणेकरून मूळ लेखन कोणते आणि नंतरची मदत कोणती हे डोळ्यांना लगेच कळावे. आज जुनी हस्तलिखिते व वास्तू जतन करणारे तज्ज्ञही हाच नियम पाळतात. आवश्यक तेवढीच दुरुस्ती करावी, ती ओळखू यावी आणि शक्यतो पुन्हा काढता यावी. आपल्या गावातील जुन्या मशिदीच्या दगडी कमानीवर तैलरंग फासण्यापूर्वी आणि शिलालेख चुन्याखाली गाडण्यापूर्वी विश्वस्तांनी एवढे जरी आठवले तरी पुष्कळ वाचेल.

कुरणाचा राखणदार

महाराष्ट्राच्या वनखात्यात 'वनसंरक्षक' असे एक पद आहे. अशा कामाचे एक उदाहरण आपल्याला हजरत उमर (रजि.) यांच्या काळात सापडते. सार्वजनिक हितासाठी राखून ठेवलेल्या कुरणाला 'हिमा' म्हणत. अशा कुरणावर त्यांनी हुनय नावाच्या आपल्या मौलाची नेमणूक केली आणि त्याला जी ताकीद दिली ती बुखारी शरीफमध्ये आहे. तिचा आशय असा की, लोकांशी नम्रतेने वाग, पीडिताच्या शापाला भी. ज्यांच्याकडे थोडीशी उंटे व शेळ्यामेंढ्या आहेत त्यांना आत येऊ दे. पण इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांच्या जनावरांना दूर ठेव. त्यांची जनावरे मेली तर त्यांच्याजवळ बागा व शेती आहे. गरिबाची मेली तर तो मुलाबाळांना घेऊन माझ्या दाराशी उभा राहील. ज्यांना रोखण्यास सांगितले ते दोघेही थोर सहाबा होते आणि त्यांच्या निष्ठेविषयी शंकाच नव्हती. तरीही राखणदाराने दार कोणासाठी उघडावे हे प्रतिष्ठेवर नव्हे, गरजेवर ठरले.

योग्य कोण?

हजरत यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या कोठारांचा कारभार मागताना आपले दोन गुण सांगितले. ते हफीज, म्हणजे जपणारे, आणि अलीम, म्हणजे जाणणारे होते. नियत स्वच्छ पण ज्ञान नाही, तर धान्याला कीड लागते. ज्ञान आहे पण नियत नाही, तर धान्य चोरवाटेने जाते. त्यांनी कापलेले पीक कणसातच राहू देण्यास सांगितले होते, खाण्यापुरते थोडे वगळून. दुष्काळाची सात वर्षे त्या ज्ञानाच्या आधारे निभावली.

दुसरीकडे हजरत अबू जर (रजि.) यांचे उदाहरण आहे. त्यांची सचोटी आणि निरिच्छ वृत्ती सर्वश्रुत आहे. तरीही 'सहीह मुस्लिम'मधील हदीसनुसार पैगंबर (स.) यांनी त्यांना प्रेमाने सांगितले की, मला तुम्ही दुर्बल दिसता, दोघांवरही अधिकारी होऊ नका आणि अनाथाच्या मालाचा कारभार पत्करू नका. यात त्यांची अवहेलना नाही. नेकी आणि कारभाराची क्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत एवढेच यातून कळते. मशिदीची समिती निवडताना आणि वसी नेमताना आपण हा भेद किती वेळा पाहतो?

आपल्या घरात

आता हीच कसोटी आपल्या उंबऱ्याच्या आत लावू या. भाऊ आखातात नोकरीस असतो, त्याची आंब्याची बाग गावचा भाऊ पाहतो. दहा-पंधरा वर्षे गेली की, खत कोणाचे, कष्ट कोणाचे आणि बाग कोणाची हे सारे एकमेकांत मिसळून जाते. बहिणीचा वारसा 'राहू दे सध्या भावाकडे' म्हणून राहतो. ती लाजेने मागत नाही आणि भाऊ तिचे मौन हीच संमती समजतो. काळ लोटल्याने अल्लाहजवळ हक्क बुडत नाही. कष्टाचा मोबदला ठरवून घ्यावा, तो हलाल आहे. पण मोबदल्याच्या नावाखाली मालकी घेणे हलाल नाही. म्हणून प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, आपल्याकडे कोणाकोणाचे काय आहे याची यादी लिहून काढावी आणि घरातील आणखी एका व्यक्तीला ती ठाऊक असावी; मृत्यू सांगून येत नाही. दुसरी, दुसऱ्याच्या धनाची वही व बँक खाते वेगळे ठेवावे. तिसरी, सांभाळाचा मोबदला घ्यावयाचा असल्यास तो आधी आणि उघडपणे ठरवावा. चौथी, मुलांना लहान वयापासून थोडा थोडा व्यवहार सोपवून त्यांची परीक्षा घ्यावी, कारण कुरआनने ती वयात येण्यापूर्वीच सुरू करण्यास सांगितले आहे. पाचवी, परत देताना साक्षीदार बोलवावेत. साक्षीदार म्हणजे अविश्वास नव्हे. देणाऱ्याची मान त्यामुळे सरळ राहते आणि घेणाऱ्याच्या मनात किल्मिष उरत नाही.

आपले शरीर, आयुष्याचे दिवस, लेकरे आणि ही भूमी यांपैकी काहीही आपण निर्माण केलेले नाही आणि काहीही आपल्यासोबत कबरीत येणार नाही. मधल्या काळात ते आपल्या हाती राखणीस दिले आहे. ज्याला लहान अमानत परत करण्याची सवय आहे, त्याला शेवटची मोठी अमानत परत करणे जड जात नाही.

हे अल्लाह, जे तू आमच्या हाती सोपविले आहेस ते जपण्याची सचोटी आणि जाण आम्हाला दे. ज्यांचा हक्क आमच्याकडे राहून गेला आहे, त्यांना तो श्वास चालू असतानाच परत करण्याचे सामर्थ्य दे. आमीन.